जाळीतलं सूत

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज वाचनमंडळ आमच्याकडे बसलं. नेहमीचे चौघे: पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले तानबाजी, ग्रंथपाल नंदिनीताई आणि कॉलेजातले माझे दोन जुने सहकारी. विषय यंत्र आणि माणूस. दोन तास मी एकटाच बोललो असं जयवंता म्हणते. बायकोच्या साक्षीला कोर्टात किंमत नसते, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

बोलताना सारखी नजर बोळातल्या वॉशिंग मशीनवर जात होती. बसायच्या खोलीतून ती सरळ दिसते. दिवाळीत मुलीने पाठवली. मी विरोध केला होता. ज्या जिल्ह्यात आश्रमामुळे माणसं स्वतःचे कपडे स्वतः धुवायला शिकली, तिथे हे गोल डोळ्याचं यंत्र कशाला? जयवंताने फक्त मनगट पुढे केलं. पस्तीस वर्षं माझी जाडीभरडी खादी पिळून ते सुजलेलं असतं. मग मी विरोध मागे घेतला.

मशीन पंचफुला चालवते. बाई कामसू आहे, सहा वर्षांपासून आमच्याकडे आहे, पण एक खोड वाईट. काम झालं की मशीनचं दार उघडंच टाकते. पाहुणे यायच्या वेळेस ते तोंड वासून असतं. आजही मीच लावलं. ती म्हणाली, "सर जी, राहू द्या न उघडं, कुबट वास येते मंग." मी म्हटलं, "अगं, दार लावायला शिकणं ही संस्कृतीची पहिली पायरी आहे." तानबाजी खूप हसले.

काल पवनारच्या शाळेत बोललो. सुताचा हार मिळाला. आपल्याकडे फुलांऐवजी सूत देतात ते मला फार आवडतं. पण हार गळ्यात मिरवत बसणं माझ्याच्याने होत नाही. व्यासपीठावरून उतरलो की काढतो आणि कुरत्याच्या खिशात टाकतो.

१७ जानेवारी

कुरत्याला कडकपणा येत नाही अशी माझी तक्रार होती. जयवंता म्हणाली, मशीनमध्ये खळ घालत नाहीत. कोणी सांगितलं? गेले दोन महिने मी स्वतः पेजेची खळ करतो आणि साबणाच्या कप्प्यात मगभर ओततो. कुरता पहिल्यासारखा ताठ नाही, पण बराच बरा होतो. काही कामं पुरुषांनी हातात घेतल्याशिवाय मार्गी लागत नाहीत.

घरात एक वास येतो आहे. नालीचा असावा. नगरपालिकेला पत्र लिहिलं, तीन पानी.

२० जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

काल हिंगणघाटला व्याख्यान. सभागृह भरलेलं. विषय 'श्रमाची प्रतिष्ठा'. मी रंगात आलो की हात वर जातो, तसा गेला, आणि पहिल्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. शेजारी बसलेले अध्यक्ष माझ्यापासून खुर्ची थोडी सरकवून बसले होते. मला वाटलं पंख्यासाठी.

आज संयोजकांनी फोटो पाठवले. माझ्या पांढऱ्या कुरत्याच्या बाहीवर, काखेखाली, कॉलरवर काळे ठिपके. बुरशीसारखे. कुरता नाकाशी नेला. ओल्या पोत्याचा वास. म्हणजे दीड तास मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होतो आणि समोरचे लोक विचार करत होते की याच्या घरी कपडे धुतात की नाही.

आयुष्यात पांढऱ्या कपड्याखेरीज मी काहीच सांभाळलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट नोंदवतो. पुढे कोणी वेगळं सांगू नये.

सकाळी शाळेत झेंडावंदन, छोटंसं भाषण, हार. घरी येऊन कुरता बदलला आणि काढलेला मीच मशीनमध्ये टाकला, इतर कपडे होतेच. खळ ओतली, दार लावलं. बटण पंचफुलाने दाबलं. दहा वाजता मंडळ जमलं. साडेदहाला मशीन बंद पडली आणि टूं टूं करत राहिली. थोड्या वेळाने दाराखालून पाणी झिरपायला लागलं ते बोळातून थेट आमच्या सतरंजीपर्यंत. काळपट, घाण वासाचं पाणी. नंदिनीताईंनी पाय वर घेतले.

माझ्या डोक्यात हिंगणघाटचा फोटो होता. मी उठलो आणि पंचफुलाला विचारलं, "खरं सांग, तुमच्या घरच्या गोधड्या, धुणी यात आणून टाकतेस ना? आमच्या कपड्यांना काळं लागायला लागलं ते उगीच नाही."

ती म्हणाली, "काऊन जी असं बोलता? मी काऊन टाकू?"

मी म्हटलं, "टाकलंस तर सांगून टाकायचं होतं. चोरून कशाला? आमचे कपडे घालून मला चार लोकांत जायचं असतं."

मी आवाज चढवला नव्हता. हे महत्त्वाचं आहे.

तिने पाणी पुसलं. सगळं. फडकं पिळून मोरीच्या दांडीवर वाळत घातलं, सरळ केलं, आणि चपला घालून निघून गेली. तानबाजी म्हणाले, "विश्वासाचे दिवस राह्यले नाही सर." मग आम्ही संविधानाच्या उद्देशिकेवरची चर्चा पुढे नेली. आजचा विषय तोच होता.



२७ जानेवारी

पंचफुला आली नाही. भांडी मी घासली. दोन कप फुटले.

जयवंता एवढंच म्हणाली, "तुमच्या घरच्या, असं म्हणाले तुम्ही."

पंचफुला बौद्ध आहे म्हणून मी तसं म्हणालो, असं जयवंताला सुचवायचं आहे. मला! तिच्या वस्तीत १४ एप्रिलला मी दोनदा बोललो आहे. माझ्या घरात तिचा कप वेगळा नाही. मी जात मनात आणली नव्हती. प्रश्न स्वच्छतेचा होता.

३० जानेवारी

हिरालाल मिस्त्री आले. साठीचे आहेत, कुलरपासून मोटरीपर्यंत सगळं करतात, आणि मराठी-हिंदीची सीमा पाळत नाहीत. मी त्यांना यंत्रसंस्कृतीबद्दल काही सांगायला लागलो तर म्हणाले, "सरजी, पहले एक परात द्या. खाली ठेवायले."

मशीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे. ते मला आज कळलं. त्यांनी झाकण उघडून आतली जाळी फिरवली. परातभर काळं पाणी आलं. मग त्यांनी जाळी ओढली आणि तिच्याबरोबर मेलेल्या उंदरासारखं काहीतरी बाहेर आलं. जयवंता ओरडली.

सूत होतं. गुंडाळलेलं, चिकट, करडं. हिरालालांनी ते नळाखाली धरलं तेव्हा पांढरं दिसायला लागलं. त्यात सत्काराच्या बिल्ल्यांच्या चार टाचण्या आणि कागदाचा लगदा. लगद्यातला एक तुकडा वाचता येत होता. माझं अक्षर. 'समता, मुद्दा तिसरा'.

"ये तो तुमचंच सामान आहे सरजी," हिरालाल म्हणाले. "खिशे नाई पाहत का कोणी?"

मग दाराभोवतीचं जाड रबर त्यांनी बोटांनी उलटवलं. आत काळा, बुळबुळीत थर. त्यावर तोच ओल्या पोत्याचा वास. रबराच्या घडीत हाराचा एक धागा दबलेला होता. दार नीट बसलं नाही आणि पाणी गळलं ते त्याच्यामुळे. "खळ टाकता का यात?" त्यांनी विचारलं. जयवंताने माझ्याकडे बोट दाखवलं. "पेज आहे न ते. पेज टाकून वरून दार बंद करसान तर बुरशी पोसून राह्यले तुम्ही. दार उघडं ठेवत जा, कोणी सांगितलं नाई का?"

सांगितलं होतं.

मी एक शेवटचा प्रश्न विचारला. का विचारला माहीत नाही. "यात गोधडी धुतल्याची काही खूण?"

हिरालालांनी जाळी उन्हात धरली. "गोधडीचा एक फुचडा, एक दोरा नाई सरजी."

जाताना त्यांनी मशीनबरोबर आलेली पुस्तिका मागितली. वेष्टणात होती, न उघडलेली. या घरात चार हजार पुस्तकं आहेत.

३१ जानेवारी

जयवंताने सकाळी खिडकीतला बिस्किटांचा जुना डबा माझ्यासमोर ठेवला. आत सुताचे सात हार, धुऊन, घडी घालून. टाचण्या कापसाच्या बोळ्यात खोचलेल्या. माझ्या भाषणांच्या चिठ्ठ्या एकावर एक रचून रबर लावलेल्या.

"पंचफुला काढून ठेवे, खिशातलं. दर वेळेस."

"मला का दिलं नाही?"

"दिलं की. तुम्ही म्हणाले होते, ठेव तिथं, मी वाचून राह्यलो."

जे जाळीत अडकलं ते तिच्या सुट्टीच्या दिवसांतलं आणि मी घाईने स्वतः कोंबलेलं. तिच्या हातून एकही टाचणी आत गेली नव्हती.

मशीनला या घरात तीन माणसांचे हात लागतात. जयवंता, पंचफुला आणि मी. पाणी सतरंजीवर आलं तेव्हा माझी नजर एकीवरच गेली, आणि तिच्या हातावर नाही, तिच्या घरावर गेली. नजर तिथेच का गेली हे मला कोणी समजावून सांगायला नको. चाळीस वर्षं मी तेच लोकांना समजावून सांगतो आहे.

२७ तारखेची नोंद खोडणार नाही. राहू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे उठून मशीन साफ केली. पुस्तिका उघडून समोर ठेवली होती. साबणाचा कप्पा सगळाच्या सगळा बाहेर निघतो. त्यामागे माझी खळ पिवळी होऊन थिजली होती, ती जुन्या दातांच्या ब्रशने काढली. रबराची घडी ओल्या फडक्याने आतून पुसली, तीन फडकी काळी झाली. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार मशीनच्या आतल्या पिंपाला बसलेला. त्यासाठी मिस्त्रींनी दिलेली पूड टाकून मशीन रिकामीच गरम पाण्यावर चालवली. गुडघे टेकून हे सगळं करायचं असतं. श्रमावर बोलताना मी कधी गुडघ्यांचा उल्लेख केला नव्हता.

दहा वाजता मंडळ आलं. आज सांगायचं असं ठरवलं होतं. पहिलं वाक्यही तयार होतं. नंदिनीताईंनी बसता बसता विचारलं, "मिळाली का दुसरी बाई? आजकाल कोणावर भरवसा ठेवायची सोय नाही."

मी म्हणालो, "हो ना."

दोन शब्द. आणि मग अर्धा तास एका कादंबरीवर बोललो. चांगलं बोललो.

५ फेब्रुवारी

पंचफुलाच्या घरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून उठली, पदर सारखा केला आणि खुर्ची आणली. बसा म्हणाली नाही. दारात तिची मुलगी मोहिनी उभी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"आई, हेच न ते सर?" मोहिनी म्हणाली. "आमच्या कॉलेजात आले होते. मी वहीत लिहून घेतलं होतं त्यांचं."

मी माफी मागितली. तयार करून नेलेलं वाक्य मोठं होतं, त्यात 'मानसिकता' असा शब्द होता. पंचफुलाने ते मध्येच थांबवलं.

"भाषण नोका देऊ सर जी. मले कळलं. मशीनचं हिरालालभाऊनं सांगतलं." सुपातली तूर तिने खाली ठेवली. "तुम्ही बोलले ते चार लोकायसमोर बोलले. आन् माफी कोनासमोर मांगून राह्यले? माह्या घरात, माह्याच समोर? मले तं माहीतच होतं मी काई केलं नाई."

मी खुर्चीशी उभाच होतो.

"माहे दोन घरं सुटले," ती म्हणाली. "एक त्या लायब्ररीवाल्या बाईच्या बहिनीचं, दुसरं तिच्या शेजारचं. काऊन, तं म्हने तू लोकायच्या मशीनीत आपल्या घरचं धुते. मोहिनीची फी त्याच घरायवर होती."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"मंग बोला न. इथं काऊन आले?"

मोहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो. निघताना ती म्हणाली, "सर, तुमचा तो तिसरा मुद्दा फार चांगला होता." टोमणा होता की नाही हे मला वस्तीच्या बाहेर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मंडळ नाही, कारण आष्टीला व्याख्यान होतं. हे आधीच ठरलेलं होतं, मी टाळाटाळ केली असं नाही.

जन्मभर लक्षात राहील असं व्याख्यान झालं. मी ठरवून सगळं सांगितलं. मशीन, जाळी, सूत, टाचण्या, माझी चिठ्ठी, माझा संशय. तिचं नाव घेतलं नाही. 'एक कष्टकरी भगिनी' म्हटलं. म्हणालो, मित्रहो, मशीनच्या जाळीत माझाच चेहरा अडकलेला होता. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दोन बायका रडल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, एवढं मोठं मन आम्ही पाहिलं नाही. टाळ्या थांबेनात. सुताचा हार घातला तेव्हा माझेही डोळे भरले.

येताना एसटीत खिडकीशी बसून होतो. कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

१० फेब्रुवारी

जयवंताला आष्टीचं सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. ऐकून घेतलं.

"आष्टीत पंचफुलाले ओळखते का कोणी?"

"तिथे प्रश्न ओळखण्याचा नव्हता. प्रश्न..."

"तिचे दोन घरं आष्टीत आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग तिथं काऊन सांगितलं? इथं चार जण येते दर रविवारी, याच सतरंजीवर. त्यायले सांगाले तोंड नाई, आन् तिथं टाळ्या घेऊन आले." तिने शेंगांची टरफलं सुपात भरली. "तुमचं पाप बी तुमच्या कामी येते हो. तिचं तं काईच नाई येत."

पस्तीस वर्षांत ती माझ्याशी इतकी वाक्यं सलग बोलली नव्हती. किंवा बोलली असेल. मी वाचत असेन.

काल मला हलकं वाटलं होतं. ते वाक्य आत्ता मागे जाऊन वाचलं. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

चिठ्ठी केली नव्हती. उभा राहिलो नाही. चौघं बसल्यावर म्हणालो, "पंचफुलाने मशीनमध्ये काहीही टाकलं नव्हतं. बिघाड माझ्या खिशातल्या हारांनी आणि माझ्या खळीने झाला. तुमच्यासमोर मी तिच्यावर खोटा आळ घेतला, आणि ती कोणत्या वस्तीतली आहे त्यामुळे तो मला सहज सुचला." मग बोलायचं थांबलो. थांबणं सगळ्यात अवघड गेलं. पुढची चार वाक्यं जिभेवर आली होती, चांगली होती.

तानबाजी म्हणाले, "जाऊ द्या हो सर, एवढं काय त्यात. होते कधी कधी." त्यांना मला सोडवायचं होतं. मी म्हटलं, "तानबाजी, तिची दोन घरं सुटली आहेत."

नंदिनीताई खाली पाहत होत्या. "बहिणीला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा माणूस बोलतो म्हटल्यावर खरंच असणार, असं वाटलं." त्यांनी तिथेच बहिणीला फोन लावला. फोन लांबला. बहीण मानत नव्हती. एकदा बसलेला संशय तिला सोयीचा होता. नंदिनीताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि मी त्या अनोळखी बाईला तेच तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेस ती म्हणाली, "पाहते."

टाळ्या नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. चहा निवला होता. एक जुना सहकारी लवकर उठून गेला. मला अजिबात हलकं वाटत नाही.

१ मार्च

पुस्तिकेत लिहिलं आहे, जाळी महिन्यातून एकदा. मी पहिली तारीख धरली आहे. सकाळी परात लावून, झाकण उघडून बोळात बसलो होतो, तेवढ्यात मागच्या दाराने पंचफुला आली. जयवंताने तिला फोन करून बोलावलं होतं, तिची एक साडी आणि छत्री इथे राहिली होती म्हणून.

नंदिनीताईंच्या बहिणीने तिला परत बोलावलं आहे. शेजारच्या घराने नाही. त्या घरी मी परवा स्वतः जाऊन आलो. त्यांनी बाई बदलली आहे, ऐकून घेतलं आणि दार लावलं. मोहिनीच्या फीसाठी पंचफुलाने आता सकाळचं एक डब्याचं काम धरलं आहे. हे तिने जयवंताला सांगितलं, मला नाही.

"येशील का परत?" जयवंताने विचारलं.

"नाई वैनी. आता जमत नाई." मग माझ्याकडे पाहिलं, मी परातीपुढे मांडी घालून. "आन् इथं सर जी करून राह्यले न आता."

ती मशीनजवळ आली. दार उघडंच होतं. वाकून तिने रबराच्या घडीत बोट घातलं आणि एकदा गोल फिरवलं. बोट उजेडात धरलं. पाहिलं. पदराला पुसलं.

मी जाळी ओढली. पाणी आलं, स्वच्छ म्हणावं असं. आणि जाळीच्या दातांत एक लांब पांढरा धागा. मग त्याच्या मागून दुसरा, मग पुंजका.

"हे कुठलं?" तिने विचारलं.

"आष्टीचं," मी म्हणालो. तिथे कशाबद्दल हार मिळाला ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने खिडकीतला डबा उचलून माझ्या बाजूला फरशीवर ठेवला. साडी आणि छत्री काखेत मारली.

"खिसा पाहाचा राह्यला तुमचा," ती म्हणाली. "पाहत जा जी."